मेंदूच्या लहरी मोजणारा पट्टा घेतलाय? ॲपवर विश्वास ठेवण्याआधी घरी करायच्या तपासण्या

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या गडबडीत एकाच फॉर्मात (एकत्र छापायच्या पानांच्या गठ्ठ्यात) माझ्या नजरेतून सात चुका निसटल्या आणि मी धसका घेतला. लक्ष लागत नाही, अशी तक्रार घरात रोज करायला लागले. तेव्हा नणंदेने अमेरिकेहून येताना डोक्याला बांधायचा एक पट्टा आणला. कपाळावर नि कानांमागे सेन्सर, फोनवर ॲप. डोळे मिटून बसायचं, तंबोऱ्यासारखा एक सूर ऐकायचा, मन स्थिरावलं की सूर मंद होतो. शेवटी शंभरपैकी गुण.

पहिल्या दिवशी ४१ मिळाले, तिसऱ्या आठवड्यात ७८. मी पेढे वाटायच्या बेतात होते. मग नवऱ्याने विचारलं, "शिकवणीही यांचीच, पेपर काढणारेही हेच आणि तपासणारेही हेच?" या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे पुढचे सहा-सात महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, उलटसुलट करू नका.

१. विकत घेण्याआधी विचारायचे प्रश्न

सगळ्यात आधी हे: कच्ची नोंद बाहेर काढता येते का? म्हणजे सेन्सरने दर क्षणाला टिपलेले आकडे फाइलमध्ये मिळतात का, की नुसते "शांतता ७८", "एकाग्रता ६५" असे शिजवलेले गुण? कच्ची नोंद मिळत नसेल तर पुढच्या अर्ध्या पायऱ्या तुम्हाला करताच येणार नाहीत, आणि असं उपकरण घेऊ नये असं माझं मत आहे.

दुसरं, सेन्सर नेमके कुठे बसतात. डोक्यावरच्या जागांना १०–२० पद्धतीची नावं असतात; ती १९५८ साली ठरली आणि आजही सगळं जग तीच वापरतं. म्यूजच्या पट्ट्यात कपाळावर दोन (एएफ ७, एएफ ८) आणि कानांमागे दोन (टीपी ९, टीपी १०) जागा आहेत. न्यूरोस्कायच्या माइंडवेव्हमध्ये कपाळावर एकच सेन्सर आणि कानाला चिमटा. ओपन बीसीआयच्या सायटन बोर्डाला आठ चॅनेल असतात आणि इलेक्ट्रोड कुठे लावायचे ते आपण ठरवतो. हाताने सोल्डरिंग करायची हौस असेल तर भारतात बनलेली बायोॲम्प ईएक्सजी पिल मिळते. ती आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाला जोडून चालते.

तिसरं, कच्च्या नोंदीसाठी वेगळी वर्गणी आहे का. चौथं, परत देण्याची मुदत किती. साधारण महिनाभराची मुदत असेल तर पायरी ४ ते ७ पहिल्याच आठवड्यात उरका. मला हे करता आलं नाही, कारण पट्टा सात समुद्र ओलांडून आला होता.

आणि नोंद कुठे साठते तेही वाचा. मेंदूचा डेटा हा आता कायद्याचा विषय आहे. चिलीने २०२१ मध्ये त्यासाठी थेट राज्यघटनेत दुरुस्ती केली. आपण मात्र संमतीचं पान न वाचताच "मान्य" दाबतो. मीही तसंच केलं.

२. हाताशी काय काय हवं

- बिल, वॉरंटी कार्ड आणि माहितीपुस्तिका. पुस्तिकेतलं सेन्सरच्या जागांचं चित्र फोटो काढून ठेवा.
- एक जाड वही. ॲपमध्ये टिपणं ठेवू नका, वहीतच ठेवा.
- लॅपटॉप, पूर्ण चार्ज केलेला.
- मऊ सुती कापड, पाणी, चिमूटभर मीठ.
- काटा असलेलं घड्याळ किंवा टायमर.
- पत्त्यांचा कॅट. खरंच लागतो.
- घरातला एक माणूस, जो सहा आठवडे तोंड बंद ठेवू शकेल. हे सर्वात दुर्मीळ साहित्य.
- पायथन ही संगणकाची भाषा येणारा भाचा, पुतण्या, शेजारी, कुणीही. "एमएनई" नावाची मोफत लायब्ररी आहे, तिच्यावर कच्ची नोंद उलगडता येते.

३. लहरींची कामापुरती ओळख

मेंदूतल्या लाखो पेशी जेव्हा एका ठेक्यात चालतात तेव्हा त्यांची वीज कवटीबाहेरही कळते. किती? साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचे तीस हजार तुकडे केले तर एक तुकडा ५० मायक्रोव्होल्टचा. हृदयाचा ईसीजी याच्या दसपट-वीसपट मोठा असतो. आपण किती बारीक आवाजाला कान लावतो आहोत हे डोक्यात पक्कं असू द्या, पुढचे सगळे सापळे यातूनच निघतात.

ठेक्याच्या वेगावरून नावं पडली. सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तनं म्हणजे डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा, त्यापुढे गॅमा. डेल्टा गाढ झोपेत दिसते. थीटा पेंग येताना वाढते. अल्फा जागेपणी डोळे मिटून निवांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात उठते. जाहिरातीत मात्र "थीटा म्हणजे सर्जनशीलता, गॅमा म्हणजे प्रज्ञा" असं कुंडलीतल्या ग्रहांसारखं वाटप असतं. ते तिथेच सोडा. ध्यानात थीटा वाढली म्हणून खूश झालेल्या माझ्या एका मैत्रिणीच्या नोंदीत, नीट पाहिल्यावर, अल्फा गायब होती आणि मान कलंडली होती. बाई झोपली होती.

अल्फा हा नवशिक्याचा खरा मित्र. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांना मुळात विचारसंक्रमणाचं कोडं सोडवायचं होतं! ते सुटलं नाही, पण डोळे मिटल्यावर उठणारी आणि उघडल्यावर मावळणारी लहर हाती लागली. सुरुवातीला त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला तेव्हा कुठे जगाने मान डोलावली. शंभर वर्षं झाली, आजही उपकरण तपासायला याच्याइतकी सोपी चाचणी नाही.

(बर्गर यांची नोंद आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामाची स्थापना एकाच वर्षातली, १९२४. योगाचे परिणाम यंत्राने मोजून पाहण्याचं काम स्वामी कुवलयानंदांनी आपल्या घाटावर तेव्हाच सुरू केलं होतं. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं, पण मला ही जोडी आवडते.)

४. जागा, केस आणि वायरी

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि निम्मे लोक इथेच फसतात.

केस आदल्या रात्री धुवा. खोबरेल तेल हा सेन्सरचा शत्रू क्रमांक एक. कपाळावरची टिकली, गंध, क्रीम पुसून काढा. कानामागची त्वचा ओल्या कापडाने जरा घासून पुसा. कोरड्या दिवसांत सेन्सरला मिठाच्या पाण्याचं बोट लावा, थेंब गळेल इतकं नको. चष्मा काढा, त्याची दांडी कानामागचा सेन्सर उचलून धरते.

लॅपटॉपचा चार्जर काढा. फोन चार्जिंगला लावून हे करू नका. यात सुरक्षितताही आहे आणि स्वच्छ नोंदही. घराच्या भिंतीतून ५० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची) वीज वाहते आणि तिचा गुंजारव आपल्या अंगावर सतत असतो. ॲपमध्ये हा गुंजारव गाळायची सोय असते, पण माझ्या पट्ट्यात ती ६० हर्ट्झवर लावलेली होती, कारण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते. तीन आठवडे मी माझी "गॅमा" बघून हरखत होते, ती महावितरणची होती. परदेशातून आणलेलं उपकरण असेल तर हे सेटिंग पहिल्यांदा बघा.

पंखा बंद करायचा की नाही? पंख्याच्या वाऱ्याने केस नि पट्टा हलतो, बंद केला तर घाम येतो, आणि घामाने नोंद हळूहळू वर-खाली वाहत जाते. ॲपला ती डेल्टा वाटते. ठाण्यात मे महिन्यात यावर उपाय नाही. पहाटे साडेपाचला बसा.

५. डोळे उघडा, डोळे मिटा

आता खरी परीक्षा. पाठ टेकून बसा, जबडा सैल सोडा, दातांमध्ये फट ठेवा. समोरच्या भिंतीवर एक ठिपका ठरवा.

दोन मिनिटं डोळे उघडे ठेवून त्या ठिपक्याकडे बघा. दोन मिनिटं डोळे मिटा, पण झोपू नका. असं तीनदा. एकूण बारा मिनिटं. प्रत्येक बदलाची वेळ मदतनिसाने वहीत लिहायची.

मग नोंद उलगडा. आडव्या अक्षावर हर्ट्झ आणि उभ्या अक्षावर ताकद असा आलेख काढायचा. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा उतार दिसेल, तो सगळ्यांचाच असतो. डोळे मिटलेल्या भागात त्या उतारावर १० हर्ट्झच्या आसपास एक टेकाड दिसायला हवं आणि डोळे उघडलेल्या भागात ते बसायला हवं. तिन्ही वेळा.

टेकाड हा शब्द मुद्दाम वापरते आहे. ॲपमधला "अल्फा" हा आकडा म्हणजे ८ ते १३ मधलं सगळं क्षेत्रफळ. उतार सरसकट वर उचलला गेला तरी तो आकडा वाढतो, मग टेकाड असो वा नसो. आकड्यावर जाऊ नका, आकार बघा.

टेकाड दिसलं नाही तर लगेच उपकरणाला शिव्या घालू नका. अल्फा मागच्या भागात जोरात असते, कपाळावर क्षीण. कानांमागच्या सेन्सरवर बघा. नुसता कपाळावर सेन्सर असेल तर ते उपकरण या परीक्षेत चांगलं असूनही नापास होऊ शकतं. शिवाय काही धडधाकट माणसांची अल्फा जन्मतःच बारीक असते. घरातल्या दुसऱ्या दोघांवर करून बघा. माझी स्पष्ट दिसली, नवऱ्याची जेमतेम. त्याने ते मनाला लावून घेतलं, पण त्याला काही अर्थ नाही.

घरातल्या कुणाचंच टेकाड कुठल्याच सेन्सरवर उठत नसेल, तर पट्टा परत करा. ज्याला मेंदूची सगळ्यात ठळक लहर दिसत नाही, त्याला तुमची "एकाग्रता" कुठून दिसणार?

६. दात आवळा, भुवया उंचवा, आणि एक कलिंगड आणा

पट्टा लावलेला असतानाच दात आवळून धरा, दहा सेकंद. भुवया उंचवा. डोळे मिचकवा. आलेखात काय होतं ते बघा. पापणीची एक उघडझाप मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा डोंगर उठवते आणि दात आवळले की बीटा-गॅमाचा भाग उसळतो. म्हणजे तुमचा "तीव्र एकाग्रते"चा आकडा कपाळाच्या आठ्यांतून येत असू शकतो. आपण लक्ष देताना आठ्या घालतोच की.

हा नुसता संशय नाही. ऑस्ट्रेलियात काही संशोधकांनी स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते पूर्ण शिथिल करून डोक्यावरची नोंद घेतली. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. स्नायू थांबताच २० हर्ट्झच्या वरची बहुतेक वीज नाहीशी झाली होती. तेव्हा घरगुती पट्ट्यावर गॅमा मोजण्याचा दावा कुणी केला तर चहा पाजून वाटेला लावा.

आता कलिंगड. कॅनडात १९७०च्या दशकात एका मेंदूतज्ज्ञाने जेलीच्या गोळ्याला ईईजीच्या (मेंदूची विद्युत नोंद घेण्याच्या यंत्राच्या) तारा लावल्या आणि आसपासच्या यंत्रांमुळे तिथेही लहरी उमटल्या. रुग्ण जिवंत की मृत हे ठरवताना किती सावध राहायला हवं, हे त्यांना दाखवायचं होतं. आमच्याकडे एप्रिल होता. सालीवर मिठाचं पाणी फिरवून मी पट्टा बांधला. ॲपने सेन्सर "उत्तम जोडले" असं कळवलं. कलिंगडाला पंधरा मिनिटांच्या बैठकीचे ८३ गुण मिळाले. मला तोवर कधीही ८० ओलांडता आले नव्हते.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. शांत नोंद म्हणजे शांत मन, असं ते गणित धरून चालतं. आणि कलिंगड पापण्या हलवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण मग माझे ४१ चे ७८ झाले, त्यातला मेंदू किती आणि "हललं नाही की गुण वाढतात" हे अंगवळणी पडणं किती, ते त्या गुणांवरून सांगता येत नाही. ॲपच्या गुणांचा प्रगतिपुस्तक म्हणून उपयोग इथे संपला.

७. कच्ची नोंद वाचताना

थोडक्यात सांगते, बाकी भाच्यावर सोपवा.

आधी ओळी मोजा. पट्टा सेकंदाला २५६ वेळा नोंद घेत असेल तर दोन मिनिटांत ३०,७२० ओळी यायला हव्यात. हजार-दोन हजार कमी आल्या तर ब्लूटूथ मध्येच गळतंय. फोन जवळ ठेवा. गळक्या नोंदीवरून वारंवारता काढणं म्हणजे पानं गहाळ झालेल्या पुस्तकाची अनुक्रमणिका करणं.

मग नोंदीचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करा आणि ज्या तुकड्यात आकडा शंभर मायक्रोव्होल्टच्या पलीकडे जातो तो फेकून द्या. नियम आधी ठरवा आणि वहीत लिहा. निकाल बघून मग "हा तुकडा नको" म्हणायला लागलात तर हवं ते सिद्ध होतं.

८. आता ठरवा: सुधारायचं काय आहे?

मेंदूच्या लहरी बदलणं हे कुणाचंच खरं ध्येय नसतं. तुम्हाला झोप हवी असते, अभ्यास हवा असतो, चिडचिड कमी हवी असते. तेच मोजा, आणि पट्ट्याला ज्याचा गंधही नाही अशा ठिकाणी मोजा.

या बाबतीत मोठ्या माणसांचे हात पोळून झाले आहेत. २०१० मध्ये बीबीसीच्या मदतीने ११,४३० लोकांना सहा आठवडे संगणकावरचे मेंदूचे खेळ खेळायला लावले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत लोक पटाईत झाले, इतर कामांत ती हुशारी उतरली नाही. २०१६ मध्ये लुमोसिटी या खेळांच्या कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी दाव्यांबद्दलच्या प्रकरणात वीस लाख डॉलर भरून तडजोड केली. लहरींवर आधारलेल्या प्रशिक्षणाची, म्हणजे न्यूरोफीडबॅकची, तीच गत दिसली. २०१७ मध्ये निद्रानाशावरच्या एका अभ्यासात खरं न्यूरोफीडबॅक आणि लुटुपुटीचं न्यूरोफीडबॅक, दोन्ही घेतलेल्यांना बरं वाटलं. आणि सारखंच बरं वाटलं.

आपल्याकडे ध्यानाच्या जाहिरातींत दिल्लीच्या एम्समधला १९६१ चा योग्यांवरचा अभ्यास हमखास येतो. आनंद, छिना आणि सिंग यांचा. तो झाला हे खरं. समाधीत बसलेल्या योग्यांची अल्फा बाहेरच्या प्रकाशाने, आवाजाने मोडत नव्हती, असं त्यांना आढळलं. पण ते मोजकेच, वर्षानुवर्षं साधना केलेले लोक होते. त्यावरून तुमच्या पंधरा मिनिटांबद्दल काही निघत नाही.

माझं मोजमाप माझ्या धंद्यातलं होतं. नवऱ्याने जुन्या, तपासून झालेल्या मजकुराची पानं घेतली आणि प्रत्येकात मुद्दाम वीस चुका पेरल्या: ऱ्हस्व-दीर्घ, हरवलेला अनुस्वार, दोनदा आलेला शब्द. रोज एक नवं पान, बारा मिनिटं, वीसपैकी किती सापडल्या. पानं सगळी आधी करून पिसून ठेवली, नाहीतर सोपी पानं सुरुवातीला आणि अवघड शेवटी असा घोळ होतो.

तुमच्याकडे असं काही नसेल तर प्रतिक्रियावेळेची चाचणी घ्या. पडद्यावर ठिपका आला की बटण दाबायचं, दहा मिनिटं. अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर झाला ती प्रत्येक वेळ म्हणजे एक "डुलकी". डुलक्या मोजा. दरवेळी तोच संगणक, तोच वायरचा माऊस, चहाच्या आधी की नंतर तेही ठरलेलं.

दोन सापळे. पहिला सरावाचा: कुठलीही चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत आपोआप सुधारते, म्हणून ते दिवस मोजणीतून वगळा. दुसरा जास्त लबाड. माणूस असं उपकरण घेतो ते नेमकं सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर परिस्थिती तशीही निवळणारच असते. वळवाच्या आदल्या दिवशी कूलर आणायचा आणि दुसऱ्या दिवशी गारव्याचं श्रेय कूलरला द्यायचं, तसं होतं. म्हणून आधी दोन आठवडे पट्टा कपाटात ठेवून नुसती चाचणी द्या.

९. पत्त्यांचा डाव: खरं प्रशिक्षण, खोटं प्रशिक्षण

या लेखातली ही मुख्य पायरी. चार आठवडे, आठवड्याला पाच बैठका, एकूण वीस.

अ) आधी मदतनिसाने तुमच्या चार-पाच बैठकांचा सूर वेगळ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा. एकच ठेवलात तर ओळखू येतो.

आ) कॅटमधले दहा लाल आणि दहा काळे पत्ते काढून पिसा. गठ्ठा मदतनिसाकडे. रोज वरचा एक पत्ता त्याने एकट्याने उघडायचा. लाल असेल तर खरा सूर. काळा असेल तर पट्टा डोक्यावर तसाच, ॲप तसंच चालू, पण आवाज बंद, आणि ऐकू येतो तो जुन्या दिवसाचा सूर.

इ) दोन्ही फोन तुमच्या पाठीमागे. तुम्ही डोळे मिटून बसणार. मदतनिसाने बोलायचं नाही, हसायचं नाही, सुस्कारेही टाकायचे नाहीत.

ई) बैठक झाली की लगेच वहीत लिहा: आज खरं होतं की खोटं, तुमचा अंदाज. मग चाचणी द्या आणि गुण लिहा.

उ) पत्त्यांची यादी मदतनिसाच्या खिशात, वीस दिवस संपेपर्यंत.

मधेच दात आवळून "सूर बदलतोय का बघू" हा मोह होईल. मला तिसऱ्याच दिवशी झाला. तसं केलंत तर खरं-खोटं तत्काळ कळतं आणि सगळा डाव मोडतो. अंदाजाचा रकाना त्यासाठीच आहे: तुक्क्याने वीसपैकी दहाच्या आसपास बरोबर यायला हवेत. पंधरा किंवा जास्त आले तर गुपित फुटलं समजा, निकालावर विसंबू नका.

ताप, सर्दी, रात्रभर जागरण असा दिवस आला तर पत्ता उघडायच्या आधी सुट्टी जाहीर करा. उघडल्यावर नाही.

१०. भिशीसारख्या चिठ्ठ्या

वीस दिवस झाले. लाल दिवसांची सरासरी आणि काळ्या दिवसांची सरासरी काढा. माझी लाल १५.८, काळी १५.३. अर्ध्या चुकीचा फरक. हा फरक खरा की योगायोगाचा?

यासाठी मोठं गणित लागत नाही. वीस चिठ्ठ्यांवर वीस दिवसांचे गुण लिहा, डब्यात घाला, हलवा. भिशीत काढतो तशा न बघता दहा काढा. त्यांची सरासरी आणि डब्यात उरलेल्या दहांची सरासरी, दोन्हींतला फरक लिहा. परत घाला, परत काढा. पन्नास वेळा. (भाचा संगणकावर दहा हजार वेळा क्षणात करतो, पण हाताने एकदा करा. योगायोग काय काय करू शकतो ते बोटांना कळतं.) या आंधळ्या फेऱ्यांत तुमच्या खऱ्या फरकाइतका किंवा त्याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूला, किती वेळा आला ते मोजा. पन्नासात दोनदा-तीनदाच आला तर तुमच्या पट्ट्यात काहीतरी असू शकेल, आणखी वीस दिवस करून बघण्यासारखं आहे. माझ्या पन्नासात तो २८ वेळा आला.

अंदाजाचे रकाने उघडले तर वीसपैकी ११ बरोबर. म्हणजे गुपित शाबूत होतं. "आज काय छान लागलं होतं ध्यान" असं मी वहीत ज्या दिवशी लिहिलंय, त्या दिवशी काळा पत्ता होता.

वीस दिवसांत बारीक परिणाम निसटू शकतो, हेही खरं. पण जो परिणाम इतका बारीक आहे त्यासाठी चांगल्या फोनएवढे पैसे मोजायचे का, हा हिशेब तुमचा.

११. कुणी हे करू नये

स्वतःला किंवा घरात कुणाला फिट येत असतील तर लुकलुकत्या प्रकाशाने लहरी "जुळवणारे" चष्मे नि दिवे घरात आणू नका. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लुकलुकीने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यांतल्या कित्येकांना आधी कधी फिट आलेली नव्हती.

नोंद घेणारं उपकरण आणि डोक्यात वीज सोडणारं उपकरण यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारचं, बॅटरी आणि स्पंज लावून घरी बनवायचं, व्हिडिओ बघून करू नका. या लेखातली एकही पायरी त्याला लागू नाही.

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर लहरी त्यानेही बदलतात. काही गोळ्या बीटा वाढवतात. नोंद वेगळी दिसली म्हणून गोळी बंद करू नका. आणि पट्ट्याचा आलेख घेऊन डॉक्टरांकडे निदान मागायला जाऊ नका. मधेच शून्यात बघत राहणं, हातातली वस्तू गळून पडणं असं काही होत असेल तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जा, ते त्यांच्या मशीनवर ईईजी काढतील. त्यालाही केस धुऊनच जा.

माझ्या सात चुकांचं म्हणाल तर वहीत तारखा लावून पाहिलं. ज्या दिवशी रात्री साडेअकरानंतर फॉर्म तपासला होता, त्याच दिवसांच्या त्या चुका. आता दहाला फाइल बंद करते. पट्टा भाच्याने नेला आहे, तो भोपळ्यावर करून बघणार आहे.